साचेखात्याची बोली

वाकोला,
६ ऑक्टोबर १९८५

आबा,
पाया पडतो.

हे पत्र तुम्ही वाचाल की आईच्या हातात देऊन आगराकडे निघून जाल, ते माहीत नाही. तरी अक्षर मोठं काढलं आहे आणि शब्द सुटे लिहिले आहेत. तुम्ही बोट ठेवून वाचता, मधे अडखळायला नको.

गणपतीत आईने विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "मिलिटरी सोडली." तुम्ही समोरच बसला होता. माझे ओठ तुम्ही वाचले आणि मान फिरवली. त्यानंतर मी निघेपर्यंत तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्याच्या घरात बाप रागावला तर निदान त्याच्या कानावर काही घालता येतं. तुमचे कान गिरणीने नेले. तुम्ही पाहिलं नाही, की माझं बोलणं संपलंच.

सोडली एवढंच खरं आहे. का सोडली ते आत्ता विचारू नका.

इथे रत्नाताईकडे आहे. मधुकर भावोजी चांगले आहेत, फक्त चेष्टा करतात. मी सकाळी बूट पॉलिश करायला बसलो की म्हणतात, "लवू, परेड कुठाय आज? धारावी का डायरेक्ट दिल्ली?" नोकरीच्या सरकारी कचेरीत माजी सैनिकांची वेगळी खिडकी आहे. तिथल्या बाबूने माझं डिस्चार्ज बुक पाहिलं, शाळेचा दाखला पाहिला आणि विचारलं, "तोफेवर होतास?" मी हो म्हणालो. "मग गेटवर बस. अंधेरीला कंपनीत वॉचमन पाहिजेत."

सगळीकडे हेच. फौजी म्हटला की दंडुका आणि शिट्टी. मला वॉचमन व्हायचं नाही, आबा. वाईट काम आहे असं नाही. पण चोवीस वर्षांचा मी गेटवर बसलो तर तिथेच म्हातारा होईन. तुम्ही म्हणायचात, "हातात कसब आसला तर गिरण बंद पडली तरी माणूस बंद पडना नाय." संप झाला, गिरणी बंद पडली, तुम्ही गावी गेलात. तुमचं म्हणणं खरं ठरलं की खोटं, याचा मी रोज विचार करतो. मला वाटतं खरंच आहे. म्हणून मी कसब शोधतो आहे. कोणी हाताखाली घेतलं की कळवीन.

आईला नमस्कार.
लवू


वाकोला,
१७ नोव्हेंबर १९८५

आबा,
पाया पडतो. उत्तर आलं नाही. येईल असं धरून लिहिलंही नव्हतं.

अंधेरीला एका गॅरेजात लागलो होतो. आता नाही. पहिल्या दिवशी उस्ताद गाडीखाली शिरला आणि मी बाजूला उभा राहिलो. हात मागे, पाय फाकलेले, विश्राममध्ये. पलटणीत हुकूम मिळाल्याशिवाय पान्याला हात लावायचा नसतो. बराच वेळ गेल्यावर तो बाहेर आला, तोंडभर ग्रीस. म्हणाला, "क्या रे, झंडावंदन है क्या? माँगूँगा तब देगा?" सगळे हसले. इथे शिकवत कोणी नाही. उस्तादाने हात पुढे करायच्या आत कोणता पाना लागणार ते ओळखायचं आणि त्याचा हात चालू असताना डोळ्यांनी काम चोरायचं. ते मी चोरू लागलो. डोळ्यांचं काम मला जमतं.

पण गॅरेजातलं अर्धं काम डोळ्यांचं नसतं. इंजिन चालू करायचं, पेचकस टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचं आणि खडखड कुठून येते ते सांगायचं. उस्ताद विचारायचा, "बोल, इस साइड कि उस साइड?" मी दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा अंदाजाने सांगितलं, तेही चुकलं. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "तेरे को गाना नहीं सुनाई देता, भाई. दूसरा धंदा देख." मला ते काम जमलं नाही, एवढंच समजा.

मुलुंडला सरकारी ट्रेनिंगची चौकशी केली. दहावी पास हवं आणि माझं वयही बसत नाही. घाटकोपरला एका लेथवर काही दिवस काम केलं, तिथे माझं बरं चाललं होतं. पण मालकाने मशिनं उचलून वापीला नेली. "येतोस का?" म्हणाला. मी नाही म्हणालो. मुंबई सोडली तर गाव आणखी लांब पडेल असं वाटलं. गावात माझी कोणी वाट पाहत नाही हे माहीत असूनही.

एका जागी बसवत नाही. रविवारी वाकोल्याहून चालत कालिना, तिथून कुर्ला, तसाच परत. ताई म्हणते, "बस ना रे जरा! पायाला चाकं लावलीस का?" जेवायला बसतो ते मात्र एकाच जागी, डाव्या भिंतीला चिकटून. त्यावरही ती विचारते, भिंत काय पळून जाणार आहे का म्हणून.

लवू


वाकोला,
१२ जानेवारी १९८६

आबा,
पाया पडतो.

काम लागलं. वॉचमनचं नाही.

लिफ्ट बसवायचं काम आहे. बोरीवलीला, पार्काच्या बाजूला नव्या सोसायट्या होत आहेत. पूर्वी चार मजल्यांवर थांबायचे, आता सात-सात चढवतात, म्हणून लिफ्ट लागते. कंपनी लिफ्टचे भाग पाठवते, बसवायचं काम खंडू मेस्त्रीचं. गोराईचा कोळी आहे. बापाची होडी भावाला देऊन हा विहिरीत उतरला, असं स्वतःच सांगतो. लिफ्टच्या पोकळीला तो विहीर म्हणतो. तळापासून वरच्या मशीनच्या खोलीपर्यंत सरळ उभी, चारी बाजूंनी बंद. प्रत्येक मजल्यावर फक्त दाराची चौकट उघडी.

मला पाहून म्हणाला, "फौजी? दारू पितो?"
"नाही."
"घाबरतो?"
मी जरा थांबून म्हणालो, "हो."
"मंग ये. न घाबरणारे दोन गेले माझे. एक हाडवैद्याकडं, एक वर."

काम असं: वरून तळापर्यंत बारीक तार सोडतात, खाली वजन बांधून. तार हलायची थांबली की तिच्यावरून लोखंडी रूळ उभे करायचे. रूळ केसभर वाकडा बसला तर लिफ्ट आयुष्यभर खडखडते. मला हे काम आवडतं. तार हलू नये म्हणून मी श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडतो. दुसरा फिटर चंद्रप्रकाश, जौनपूरचा, तो हसतो. "अरे फौजी, तार है, दुल्हन नहीं!" पण मेस्त्रीने माझे रूळ तपासले आणि काही बोलला नाही. चंद्रप्रकाश म्हणाला, मेस्त्री काही बोलला नाही म्हणजे मेडल मिळालं.

मेस्त्रीने सांगितलं आहे, ही बिल्डिंग पुरी होईपर्यंत हाताखाली राहायचं. नीट राहिलो तर पुढच्या बिल्डिंगला फिटर म्हणून धरील. नाहीतर राम राम.

विहिरीत बोलणं म्हणजे ओरडणं. एक वर, एक मधे, एक तळाला. आवाज भिंतींवर आपटत येतो. मला सवय होईल.

ताईला दिवस गेले आहेत, सहावा महिना चालू आहे. आईला तिने कळवलं असेलच.

लवू


वाकोला,
२ मार्च १९८६

आबा,
काम सध्या बंद आहे. काळजीचं कारण नाही.

आज मी बूट दोन वेळा पॉलिश केले. भावोजींनी चेष्टा केली नाही, त्यावरून ओळखलं की ताईने त्यांना सांगितलं आहे. काय ते लिहायला बसलो होतो. जमत नाही. पुढच्या खेपेला.

लवू


वाकोला,
१६ मार्च १९८६

आबा,
पाया पडतो. हे पत्र लांब आहे. दोन दिवसांत थोडं थोडं वाचा.

मी दहा वर्षांचा असेन. तुम्ही लालबागच्या खोलीत रात्रपाळीहून येऊन जेवायला बसायचात, आणि कान बंद म्हणून घरातही साचेखात्याच्याच हाताने बोलायचात. कापड विणायचे दोनशे साचे धडधडतात तिथे तोंडाचा काय उपयोग? ओंजळ तोंडाशी म्हणजे पाणी. पाच बोटं जुळवून तोंडाकडे म्हणजे जेवलास का. चिमटीने धागा तोडल्यासारखं केलं की काहीतरी मोडलं. मला आणि ताईला ती बोली आयती आली. मग मी नववीत नापास झालो तेव्हा तुमच्या खात्यातला जॉबर म्हणाला होता, पोराला बदली कामगार म्हणून लावून देतो. तुम्ही त्याला दारातून परत पाठवलंत. मला म्हणालात, "माझे कान गेले तेवढे पुरे. तू साच्यार जाव नको." आणि मला भरतीला पाठवलंत. कान वाचावेत म्हणून.

आबा, माझा डावा कान गेला आहे.

तोफेच्या सरावात गेला. कोणाची चूक नाही. कापूस घातला होता. एका फायरला आत काहीतरी फाटलं, रक्त आलं, मग शिट्टी वाजत राहिली आणि एक दिवस ती शिट्टीही बंद पडली. डॉक्टरांच्या बोर्डाने मला खालच्या श्रेणीत टाकलं आणि मग घरी पाठवलं. मी सोडली नाही. मला सोडलं. पण गणपतीत तुमच्या समोर ते माझ्या तोंडून निघेना. तुम्ही ज्यापासून मला वाचवलंत तेच घेऊन मी आलो होतो. त्यापेक्षा आळशी समजलात तर बरं, असं वाटलं.

आता कामाचं. फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही तोलाची वजनं चढवत होतो. लिफ्ट खाली आली की ती वर जातात, ओतीव लोखंडाची. मेस्त्री वरती, वजन ओढायच्या साखळीवर, चंद्रप्रकाश दुसऱ्या मजल्याच्या चौकटीत, मी तळाला. बाहेर काँक्रीटचं मिक्सर चालू होतं. वजन फिरायला लागलं. चंद्रप्रकाश ओरडला, "हट! हट!" ऐकू आलं मला. पण एका कानाने आवाज ऐकू येतो, त्याची जागा कळत नाही. आवाज उजवीकडून आला असं मला वाटलं, म्हणून मी डावीकडे सरलो. बरोबर वजनाखाली. चंद्रप्रकाशने वजनाला बांधलेली दोरी वरून ओढली म्हणून ते माझ्या खांद्याला घासून गेलं आणि खालची लादी फुटली.

मेस्त्री खाली आला. शिवी दिली नाही, तिथेच मी समजलो. माझ्या डाव्या बाजूला उभा राहून काहीतरी हळू बोलला. मी पुढेच पाहत होतो. मग समोर येऊन म्हणाला, "आत्ता काय बोललो मी?"

मला सांगता येईना.

"कधीपासून?"

"पलटणीत असतानाच."

"आणि माझ्या विहिरीत उतरलास! बहिरा माणूस एकटा मरत नाही रे फौजी, दुसऱ्याला घेऊन मरतो. हा चंद्रप्रकाश दोरीसकट खाली आला असता तर त्याच्या बायकोला मी तार करायची? उद्यापासून येऊ नको."

चंद्रप्रकाश मधे पडला, "जाने दो ना मेस्त्री, बच गया बेचारा." मेस्त्री म्हणाला, "आज वाचला. रोज काय सत्यनारायण घालू?"

त्याचं बरोबर होतं. मला राग आला नाही. नुसती भीती वाटत राहिली, की आता कुठलंच काम उरलं नाही. गॅरेजात कान लागतो, विहिरीत कान लागतो. उरली वॉचमनची शिट्टी.

सोमवारी माझा डबा आणि पाने आणायला गेलो. गेटवर महादू म्हणून वॉचमन आहे, संपात नोकरी गेलेला विणकर, परळच्या गिरणीतला. त्याच्याशी माझी फक्त मान हलवण्यापुरती ओळख. मिक्सर धडधडत होतं. मी पलीकडच्या पायरीवर बसलो होतो. त्याने गेटवरून मला पाहिलं आणि हात वर करून चिमटीने धागा तोडला. काय मोडलं?

आबा, माझा हात आपोआप उठला. मी कान दाखवला, मग धागा तोडला, मग ओठावर बोट फिरवून मेस्त्रीची मिशी दाखवली. तो हसला. त्याने पोटावर हात ठेवून नाही म्हटलं आणि तोंडापुढे बोटं उघडझाप केली. म्हणजे मेस्त्रीचा राग पोटात नाही, नुसता तोंडात आहे, जा बोल. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, गाढवा. गाढवा म्हणायलाही साचेखात्यात हाताची खूण आहेच.

वरच्या मजल्यावरून हे मेस्त्री बघत होता. खाली आला. मिक्सरच्या आवाजात मला ओढून आडोशाला नेलं. "काय नाटक आहे? तो काय बोलला?"

मी सगळं सांगितलं. मिशीचंसुद्धा.

"एवढ्या लांबून? या आवाजात?"

मी म्हणालो, "मेस्त्री, साचेखात्यात माझ्या वडिलांनी तीस वर्षं एक शब्द न ऐकता काम केलं. तिथे कोणी आवाज ऐकून हात हलवत नाही, समोरच्याचा हात बघून हलवतात. विहिरीत तुम्हा दोन्ही कानवाल्यांनाही आवाज फसवतो. चंद्रप्रकाश परवा वर बोलावलं असताना खाली गेला होता की नाही?"

"मेरे को क्यों घुसेड़ता है बीच में?" चंद्रप्रकाश म्हणाला. पण नाही म्हणाला नाही.

मेस्त्रीने माझ्या डाव्या कानाकडे निरखून पाहिलं, जसा काही बहिरेपणा बाहेरून दिसणार होता. मग म्हणाला, "शिमग्यापर्यंत. रिकाम्या साखळीवर. वजन नाही. प्रत्येक चौकटीत दिवा लावायचा. समोरच्याचं तोंड दिसल्याशिवाय साखळी हलायची नाही. एकदा चुकलास की बोरीवली स्टेशनचा रस्ता माहीत आहे तुला."

म्हणून सध्या रिकामी साखळी वरखाली करतो. वर, खाली, हळू, चंद्रप्रकाशला येऊ लागलं आहे. पण 'थांब'चं अडतं. मला लहानपणची बंद मूठ आठवते, खांद्यापाशी. महादू म्हणतो, आमच्या गिरणीत वेगळं होतं. दर गिरणीची बोली वेगळी. बाकी सगळं चुकलं तरी चालेल, थांब चुकून चालणार नाही. तुम्ही साचेखात्यात थांब कसं सांगायचात? मूठच ना? तेवढं आईकडून एका कार्डावर लिहून पाठवा. बाकी काही लिहू नका.

लवू


वाकोला,
१८ मे १९८६

आबा,
पाया पडतो.

कार्ड आलं नाही. शिमगा गेला, पाडवा गेला. पोस्टमन दिसला की मी जिन्यात जायचो आणि ताई म्हणायची, "जा, जा, पिशवीत डोकं घाल त्याच्या." मी मुठीवरच काम चालू ठेवलं. मेस्त्रीने शिमग्यानंतर अर्धं वजन द्यायला सुरुवात केली, पण प्रत्येक खेपेला तो साखळीपाशी असा उभा राहायचा, जणू मी पडणारच आहे.

मग ताईच्या मुलीच्या बारशाला तुम्ही आलात. आई पुढे, तुम्ही मागे, खांद्यावर फणसाची पिशवी. मी पाया पडलो, तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलंत. पत्र पोचलंच नाही असं मी धरलं. बायका पाळणा म्हणत होत्या, मुलीला शुभा नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. मी नेहमीप्रमाणे डाव्या भिंतीला बसलो होतो. तुम्ही उठलात, तीन माणसांना पाय वाचवत ओलांडलंत आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन बसलात. उजव्या. भावोजींना तिथून उठवून.

तुम्ही माझा हात मांडीवरून उचललात, त्याची मूठ केलीत, पाहिलीत, आणि एकेक बोट उघडून सरळ केलंत. मग म्हणालात, "मूठ काळोखात दिसना नाय. पंजो दाखव. आणि दोनय हात."

आठ महिन्यांनी तुम्ही माझ्याशी बोललात, ते एवढंच. कानाबद्दल एक शब्द नाही. घुगऱ्या तेवढ्या माझ्या पानातल्या उचलून खाल्ल्यात.

दुसऱ्या दिवशी मी कामावर दोन्ही पंजे उघडून दाखवले. मेस्त्री म्हणाला, "काय रे, इलेक्शनला उभा आहेस का?" पण तळातून त्याने स्वतः पाहिलं, दिवा पाठीशी असला तरी पंजे कळत होते, मूठ कळत नव्हती. "हे कोणी सांगितलं?" मी म्हणालो, माझ्या वडिलांनी. तो म्हणाला, "मग इतके दिवस माझ्या पोटात गोळा का ठेवलास? आधी विचारता येत नव्हतं?"

आता शुक्रवारचं लिहितो. तुम्ही संध्याकाळच्या एस.टी.ने जाणार होता, ते मला माहीत होतं. तुम्ही बोरीवलीला याल असं मनातही नव्हतं. आम्ही पूर्ण वजन चढवत होतो, पहिल्यांदाच. मेस्त्रीने मला तळाला नाही, वर साखळीवर उभं केलं होतं. सातवा मजला. चंद्रप्रकाश चौथ्यावर, मेस्त्री स्वतः खाली, वजनापाशी, जिथे मी होतो तिथे. त्याने आपला जीव माझ्या हाताखाली ठेवला होता आणि तसं बोलून दाखवलं नव्हतं. बाहेर मिक्सर चालू. मधेच चंद्रप्रकाशने दोन्ही पंजे उघडले. साखळी मी तिथल्या तिथे धरली. वजनाची दोरी रुळाच्या पट्टीत अडकली होती. त्याने ती सोडवली, मेस्त्रीने खालून 'हळू' केलं, मी साखळी पुन्हा ओढू लागलो. कोणी ओरडलं नाही. संबंध विहिरीत कोणी एक शब्द ओरडलं नाही.

तेव्हाच मला खाली, तळमजल्याच्या चौकटीत, मेस्त्रीच्या मागे तुम्ही दिसलात. महादू तुम्हाला गेटवरून आत घेऊन आला होता. टोपी हातात, मान वर. तुम्ही किती वेळ उभे होता ते नंतर महादूने सांगितलं, पहिल्यापासून. त्याने हेही सांगितलं की गेटवर तुम्ही दोघं तोंड न उघडता एवढे भांडलात, कोणाच्या गिरणीची बोली खरी यावरून, की सिमेंटवाले काम सोडून बघत बसले.

तुम्ही वर पाहिलंत. माझं तोंड दिसेपर्यंत थांबलात. मग पाच बोटं जुळवून तोंडाकडे नेलीत.

आबा, माझे दोन्ही हात साखळीवर होते. खाली मेस्त्री होता. सोडता येईना. मानेने सांगितलं, पण सातव्या मजल्यावरून मान काय दिसणार? वजन जागेवर बसवून मी जिने उतरून आलो तोवर तुम्ही निघाला होता, गाडी चुकेल म्हणून. मेस्त्री चौकटीत बसून बिडी पेटवत होता. म्हणाला, "बापाला म्हणावं पुढच्या बिल्डिंगला ये, तिथं नऊ मजले आहेत. फिटरचा बाप म्हणून चहा पाजीन."

उत्तर राहिलं होतं, म्हणून हे पत्र.

जेवलो, आबा. ताईने डब्यात तुमच्या फणसाची भाजी दिली होती. तुम्ही जेवून गाडीत बसलात ना?

लवू